मस्कतचे सुलतान तैमूर बिन फैसल : गादी नकोशी झालेला राजा

मुंबईत २८ जानेवारी १९६५ रोजी एका वयोवृद्ध अरब गृहस्थांचे निधन झाले. तैमूर बिन फैसल हे त्यांचे नाव. १९१३ ते १९३२ अशी अठरा वर्षांहून अधिक काळ ते मस्कत आणि ओमानचे सुलतान होते. गादी सोडून त्यांना तेहतीस वर्षे झाली होती. ज्या राज्यावर त्यांनी नावापुरते राज्य केले, तेथे त्या वेळी त्यांचे पुत्र सईद बिन तैमूर यांची सत्ता होती. आज ओमानच्या गादीवर असलेले सुलतान हैथम बिन तारिक हे तैमूर यांचे नातू होत.

गादीसाठी भावाने भावावर आणि पुत्राने पित्यावर शस्त्र उगारल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आढळतात. ती सोडण्यासाठी राजाने वर्षानुवर्षे परवानगी मागावी आणि ती त्याला नाकारली जावी, हे मात्र विरळा. तैमूर यांच्या बाबतीत असे घडले. त्यांच्या कारकिर्दीच्या मध्यावर, १९२० साली, हिंदुस्थान सरकारच्या पुढाकाराने त्यांच्यावर एक मंत्रिपरिषद बसवण्यात आली. राज्य कोणी करावे, कर्ज कोणी फेडावे आणि सही कोणी करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या परिषदेच्या रूपाने देण्याचा तो प्रयत्न होता. तैमूर यांचे चरित्र म्हणजे बव्हंशी या प्रयत्नाचीच कथा आहे.

विभागलेला वारसा

तैमूर यांचा जन्म १८८६ मध्ये मस्कत येथे झाला. अठराव्या शतकाच्या मध्यास सत्तेवर आलेल्या अल बू सईद घराण्याचे ते वंशज. त्यांचे पणजोबा सय्यद सईद बिन सुलतान यांच्या काळात या घराण्याची सत्ता अरबस्तानच्या किनाऱ्यापासून पूर्व आफ्रिकेतील झांझिबारपर्यंत पसरली होती. १८५६ मध्ये सईद यांचे निधन झाले आणि त्यांच्या पुत्रांत वारशाचा तंटा उभा राहिला. तो सोडवला हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांनी. १८६१ च्या त्यांच्या निवाड्याने झांझिबार आणि मस्कत ही दोन स्वतंत्र राज्ये झाली. झांझिबार श्रीमंत असल्याने त्याने मस्कतला दरवर्षी ४० हजार मारिया थेरेसा डॉलर द्यावेत, असेही ठरले.

झांझिबारकडून ही रक्कम नियमितपणे येईना. अखेर १८७३ पासून तिचा भार ब्रिटिशांनी स्वतःवर घेतला आणि सुमारे ८६ हजार रुपयांचे वार्षिक अनुदान सरकारी तिजोरीतून मस्कतला पोहोचू लागले. एका भावाने दुसऱ्याला द्यावयाचा हिस्सा अशा रीतीने परक्या सरकारकडून मिळणारा तनखा बनला. मस्कतच्या पुढील इतिहासाचे मूळ या बदलात आहे. जो पैसा देतो, तो अटी घालतो. आणि अट मोडली तर पैसा थांबवण्याची सोयही त्याच्याकडे असते.

मस्कतच्या भरभराटीला त्याच सुमारास ओहोटी लागली. मुंबईहून इराणच्या आखातात नियमित आगबोटी जाऊ लागल्या आणि शिडाच्या गलबतांवर चालणारा जुना व्यापार मंदावला. कच्छहून आलेले भाटिया व्यापारी मात्र मस्कत आणि शेजारच्या मत्रा बंदरात पाय रोवून राहिले. खजुराची निर्यात, तांदूळ आणि कापडाची आयात, सावकारी, कधी जकातीचा मक्ता, असे बरेचसे अर्थव्यवहार त्यांच्या हातांतून होत. बाजारात रुपया चाले. जमाखर्च गुजरातीत लिहिले जात. राजाला पैशाची निकड भासली की तो याच पेढ्यांकडे वळे.

तैमूर यांचे वडील सुलतान फैसल बिन तुर्की १८८८ मध्ये गादीवर आले. १८९१ मध्ये त्यांनी आपला प्रदेश ब्रिटिश सरकारखेरीज कोणालाही न देण्याचे वचन लिहून दिले. फ्रेंचांना कोळशाच्या साठ्यासाठी जागा देण्याचा त्यांचा विचार कळताच १८९९ मध्ये ब्रिटिश युद्धनौका मस्कतच्या बंदरात उभ्या राहिल्या आणि तोफांच्या धाकाने त्यांना तो बेत सोडावा लागला. राजपुत्र तैमूर त्या वेळी तेरा वर्षांच्या आसपास होते. सत्तेचा पहिला धडा त्यांना राजवाड्यासमोरच्या समुद्रात उभ्या असलेल्या परकीय आरमाराने दिला असेल, तर नवल नाही.

बंदुकांचा व्यापार आणि १९१३ चे बंड

विसाव्या शतकाच्या आरंभी मस्कतला एका व्यापाराने हात दिला. तो होता बंदुकांचा. युरोपातील बंदुका मस्कतला उतरत आणि तेथून मकरानच्या किनाऱ्यामार्गे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांपर्यंत पोहोचत. जकातीमुळे सुलतानांचे उत्पन्न वाढले, पण हिंदुस्थान सरकारची झोप उडाली. १९१२ मध्ये ब्रिटिशांच्या आग्रहावरून सर्व शस्त्रे एका सरकारी वखारीत ठेवण्याची सक्ती झाली आणि तो व्यापार जवळजवळ संपला. नुकसानभरपाई म्हणून सुलतानांना वर्षाला एक लाख रुपये मिळू लागले.

भरपाई सुलतानांना मिळाली. अंतर्भागातील टोळ्यांना काहीच मिळाले नाही. डोंगराळ ओमानमधील लोक इबादी पंथाचे. राजा हा निवडलेला आणि धर्मनिष्ठ इमाम असावा, ही त्यांची जुनी परंपरा. किनाऱ्यावरचा सुलतान परक्यांच्या पैशावर जगतो, ही भावना तेथे आधीपासून धुमसत होती. मे १९१३ मध्ये तनुफ येथे सालिम बिन राशिद अल खरूसी यांची इमाम म्हणून निवड झाली. नूर अल दीन अल सालिमी हे अंध विद्वान या चळवळीचे प्रेरणास्थान होते. काही आठवड्यांत निझवा पडले. त्यापाठोपाठ इझकी आणि सुमैल हातचे गेले. मस्कतच्या रक्षणासाठी हिंदुस्थानातून फौज मागवावी लागली.

या धामधुमीत, ऑक्टोबर १९१३ मध्ये, सुलतान फैसल यांचे निधन झाले आणि सत्तावीस वर्षांचे तैमूर गादीवर बसले. त्यांच्या हाती आलेले राज्य म्हणजे किनाऱ्यावरची काही बंदरे, धोफारचा दूरचा प्रांत, मकरानच्या किनाऱ्यावरील ग्वादर आणि वडिलांनी मागे ठेवलेले कर्ज. अंतर्भाग हातचा गेला होता. राजधानीच्या वेशीचे रक्षण हिंदी शिपाई करत होते.

जानेवारी १९१५ मध्ये इमामाच्या सुमारे तीन हजार लोकांनी मत्राजवळच्या बैत अल फलज या ठाण्यावर हल्ला केला. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सुमारे सातशे शिपायांनी तो परतवला. मस्कत वाचले, पण ते कोणामुळे वाचले हे साऱ्या ओमानला दिसले. त्यानंतर काही दिवसांतच व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज आखाताच्या दौऱ्यावर आले असता मस्कतला थांबले आणि इमामाशी तडजोड करण्याचा सल्ला सुलतानांना देण्यात आला. त्याच वर्षी सीब येथे बोलणी झाली, ती फिसकटली. महायुद्ध चालू असेपर्यंत हिंदुस्थान सरकारला मस्कतकडे अधिक लक्ष देण्यास सवड नव्हती.

कर्जाचा फास

१९१८ मध्ये युद्ध संपले तेव्हा सुलतानांची तिजोरी रिकामी होती. अंतर्भागाशी व्यवहार खुंटल्याने जकात घटली होती. अनुदानाची रक्कम येई, ती आधीच्या देण्यांत जाई. व्यापाऱ्यांची देणी वर्षागणिक वाढत होती आणि त्यांतील बरेचसे व्यापारी ब्रिटिश प्रजाजन असल्याने त्यांच्या तक्रारी पोलिटिकल एजंटच्या कचेरीत पोहोचत. म्हणजे सुलतानांचे कर्ज ही त्यांची खासगी अडचण उरली नव्हती.

मस्कतचा पोलिटिकल एजंट बुशहर येथील रेसिडेंटच्या हाताखाली काम करी आणि रेसिडेंट हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र व राजकीय खात्याला जबाबदार असे. १८७३ पर्यंत हा सारा कारभार मुंबई सरकारकडे होता. देशी संस्थाने सांभाळणारे आणि आखाताचा कारभार पाहणारे अधिकारी एकाच खात्यातले, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. बडोद्यात १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केल्यावर अल्पवयीन सयाजीरावांच्या वतीने दिवाण माधवराव यांच्याकडे कारभार सोपवण्यात आला होता. कोल्हापुरात छत्रपती अल्पवयीन असताना रीजन्सी कौन्सिलने राज्य चालवले होते. राजा लहान असो, आजारी असो वा नकोसा असो, त्याच्या नावाने परिषद बसवणे हा या खात्याचा अंगवळणी पडलेला उपाय होता.

मस्कतला तो तसाच लागू करता येत नव्हता. १८६२ च्या घोषणेने ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांनीही मस्कतच्या सुलतानांच्या स्वातंत्र्याचा आदर करण्याचे बंधन स्वीकारले होते. अमेरिकेचा तर मस्कतशी १८३३ पासून स्वतंत्र तह होता. हिंदी संस्थानिकांप्रमाणे सुलतानांना मांडलिक म्हणणे कागदोपत्री अशक्य होते. प्रत्यक्षात त्यांचे उत्पन्न, संरक्षण आणि परराष्ट्रव्यवहार ब्रिटिशांच्या हाती होते.

परिषद हवी की नको

या कोंडीतून बाहेर पडण्याचे मार्ग मोजकेच होते. पहिला, फौज काढून घ्यावी आणि सुलतानांना त्यांच्या नशिबावर सोडावे. तसे केले असते तर मस्कत इमामाच्या हाती गेले असते आणि आखाताच्या तोंडाशी असलेले बंदर ब्रिटनच्या प्रभावाबाहेर निसटले असते. दुसरा मार्ग, कारभार थेट ताब्यात घेण्याचा. त्याच्या आड १८६२ ची घोषणा येत होती आणि युद्धाने थकलेल्या हिंदुस्थान सरकारला एका नापीक किनाऱ्याचा खर्च नको होता. तिसरा मार्ग म्हणजे सुलतानांना कर्ज द्यावे, जुनी देणी एकदाची फेडावीत, जकातीची घडी बसवावी आणि दैनंदिन कारभार एका परिषदेकडे सोपवावा. राजा कायम राहील, त्याच्या नावाने हुकूम निघतील, पण चुका करण्याची मुभा त्याला राहणार नाही.

१९१९ मध्ये रोनाल्ड विंगेट हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील तरुण अधिकारी मस्कतचे पोलिटिकल एजंट म्हणून आले. त्यांनी परिस्थितीचे जे निदान केले, ते त्यांच्याच सरकारला टोचणारे होते. ब्रिटिशांनी आपल्या हिताच्या गोष्टी करून घेण्यासाठी दुबळ्या सुलतानांना पैसे दिले, त्या गोष्टींचा प्रजेला काही लाभ झाला नाही आणि राजांना कारभार सुधारण्याची गरज उरली नाही, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. आजाराचे मूळ औषधातच असल्याची ही कबुली होती.

या वादात तैमूर यांचे स्वतःचे मत काय होते? त्यांना राज्यच नको होते. १९२० मध्ये त्यांनी पदत्यागाची इच्छा व्यक्त केली. मस्कतचा उन्हाळा, सावकारांचा तगादा, परक्या फौजेच्या आधाराने टिकलेली गादी, यांतून त्यांना सुटका हवी होती. ब्रिटिशांनी ती दिली नाही. त्यांचे थोरले पुत्र सईद तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते. राजाने गादी सोडली तर वारसाचा प्रश्न उभा राहिला असता आणि अंतर्भागाने त्याचा लाभ उठवला असता. तेव्हा तैमूर यांनी सुलतान राहावे, हवे तर हिंदुस्थानात जाऊन राहावे, पण गादी सोडू नये, असे ठरले. परिषदेची कल्पना आणि राजाची अनुपस्थिती अशा रीतीने एकमेकींना पूरक ठरल्या.

१९२० मध्ये काही लाख रुपयांचे कर्ज मंजूर झाले. त्याच्या बदल्यात सुलतानांनी सुधारणांना मान्यता दिली. जकात खात्यासाठी इजिप्तमधून जाणकार अधिकारी आणण्यात आले. चार मंत्र्यांची परिषद स्थापन झाली आणि सुलतानांचे बंधू नादिर बिन फैसल तिचे अध्यक्ष झाले. अर्थ, न्याय आणि धर्म ही खाती इतर मंत्र्यांकडे गेली. पुढच्याच वर्षी बलुची जवानांची मस्कत लेव्ही ही पलटण उभी राहिली आणि हिंदी फौजेचा मुक्काम हलवण्याचा मार्ग मोकळा झाला.

सीबचा करार

परिषद बसवण्याचे काम चालू असतानाच विंगेट यांनी अंतर्भागाशी तडजोडीचे सूत्र पुन्हा हाती घेतले. ओमानी खजुराला बाहेर जाण्यासाठी किनाऱ्यावरची बंदरे लागत. तेथे जबर कर बसवून टोळ्यांची कोंडी करण्यात आली होती. जुलै १९२० मध्ये इमाम सालिम यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागी मुहम्मद बिन अब्दुल्ला अल खलीली यांची निवड झाली. नवे इमाम आणि शर्किया प्रांतातील प्रभावी शेख ईसा बिन सालिह अल हारिथी यांना शांतता हवी होती.

२५ सप्टेंबर १९२० रोजी सीब येथे करार झाला. अंतर्भागातून येणाऱ्या मालावर पाच टक्क्यांहून अधिक कर घ्यायचा नाही, ओमानी लोकांना किनाऱ्यावरील गावांत निर्वेधपणे येऊ द्यायचे आणि त्यांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करायचा नाही, असे सुलतानांच्या वतीने मान्य करण्यात आले. बदल्यात टोळ्यांनी शांतता राखण्याचे, व्यापार खुला ठेवण्याचे आणि पळून आलेल्या गुन्हेगारांना थारा न देण्याचे वचन दिले. करारात इमाम हे पद लिहावे की नाही, यावर बोलणी जवळजवळ मोडली होती. ते लिहिले असते तर ओमानमध्ये दुसरा सार्वभौम आहे, असे सुलतानांनी मान्य केल्यासारखे झाले असते. शेवटी तो शब्द टाळला गेला आणि तडजोड साधली.

ज्यांच्या राज्याच्या निम्म्याहून अधिक भूभागाचे भवितव्य या कागदाने ठरले, ते सुलतान तैमूर सीबला हजर नव्हते. त्यांच्या वतीने बोलणी विंगेट यांनी केली. सुलतानांनी नंतर करार मान्य केला. पुढे जवळपास पस्तीस वर्षे या कराराने ओमानमध्ये शांतता टिकवली, हे त्याचे यश निर्विवाद आहे. मात्र राजाशिवाय राज्याचा सर्वांत मोठा निर्णय होऊ शकतो, हेही त्याच कागदाने सिद्ध केले.

चार मंत्री आणि दूरचा राजा

परिषदेचे काम कसे चालले? कागदावर ती सुलतानांच्या नावाने राज्य करणारी संस्था होती. व्यवहारात मंत्र्यांना दोन्हीकडे पाहावे लागे. महत्त्वाच्या निर्णयाला सुलतानांची संमती हवी. सुलतान हिंदुस्थानात, नाहीतर धोफारमधील सलाला येथे. तेथील हिरवाई आणि पावसाळी हवा त्यांना आवडे. पैशाच्या प्रत्येक प्रश्नाला एजंटची संमती हवी; एजंट मात्र शेजारच्याच इमारतीत. मंत्री हळूहळू कोणाकडे पाहू लागले असतील, हे वेगळे सांगावयास नको. राजघराण्याच्या आप्तांनी भरलेल्या परिषदेला स्वतःचे बळ कधी लाभले नाही. तिच्यामागे फौज नव्हती, टोळ्यांचा विश्वास नव्हता आणि प्रजेने तिला निवडलेही नव्हते.

राजाच्या सहीची गरज मात्र संपली नव्हती. जानेवारी १९२३ मध्ये तैमूर यांनी हिंदुस्थान सरकारच्या संमतीशिवाय तेलाची सवलत कोणालाही न देण्याचे लेखी वचन दिले. १९२५ मध्ये डार्सी एक्स्प्लोरेशन कंपनीला तेलशोधाचा परवाना मिळाला. त्या शोधातून तत्काळ काही हाती आले नाही. पण पुढे ज्या संपत्तीने ओमानचे रूप पालटले, तिच्या किल्ल्या अशा रीतीने एका कर्जबाजारी राजाच्या सहीने आधीच दुसऱ्याच्या हाती गेल्या होत्या.

परिषदेचा गाडा पुढे सरकेना, तेव्हा तिला इंग्रज अर्थमंत्र्याची जोड देण्यात आली. १९२५ मध्ये बर्ट्राम थॉमस या पदावर आले. थॉमस बुद्धिमान होते, अरबी उत्तम बोलत. पण त्यांचे मन जमाखर्चापेक्षा वाळवंटात अधिक रमे. डिसेंबर १९३० मध्ये ते सलालाहून उंटांच्या तांड्यासह निघाले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये कतारमधील दोहा येथे पोहोचले. रुब अल खाली हे अरबस्तानचे महावाळवंट ओलांडणारे पहिले युरोपीय म्हणून त्यांचे नाव जगभर झाले. मस्कतच्या तिजोरीची स्थिती मात्र त्यांच्या कारकिर्दीत सुधारली नाही. दूरच्या बंदरांवर सुलतानांचा अंमल बसवण्याचे प्रयत्नही अडखळत होते. १९३० मध्ये मुसंदममधील खसब येथे स्थानिक टोळीने अंमल नाकारला, तेव्हा ब्रिटिश युद्धनौकांनी तोफा डागल्या. परिषद असो वा नसो, शेवटचा शब्द आरमाराचाच होता.

पुत्र आला, पिता सुटला

तैमूर यांनी एक गोष्ट दूरदृष्टीने केली. थोरले पुत्र सईद यांना त्यांनी अजमेरच्या मेयो कॉलेजमध्ये आणि नंतर बगदादला शिकायला पाठवले. मेयो कॉलेज हे हिंदी राजपुत्रांचे विद्यालय. तेथे सईद इंग्रजी शिकले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या छायेत राज्य कसे चालते, हेही त्यांनी जवळून पाहिले. १९२९ मध्ये, एकोणीस वर्षांच्या वयात, ते परिषदेचे अध्यक्ष झाले. ज्या कारणासाठी तैमूर यांना १९२० मध्ये अडवण्यात आले होते, ते कारण आता उरले नव्हते.

त्यातच जागतिक मंदी आली. उत्पन्न आणखी घसरले आणि खर्चाला कात्री लावणे भाग पडले. १९३१ च्या अखेरीस तैमूर यांनी पदत्यागाचा निर्णय कळवला. या वेळी तो स्वीकारण्यात आला. १० फेब्रुवारी १९३२ रोजी सईद बिन तैमूर सुलतान झाले. तैमूर तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होते. अठरा वर्षांच्या कारकिर्दीत पूर्णपणे स्वतःच्या इच्छेने घेतलेला त्यांचा मोठा निर्णय बहुधा हा एकच; आणि तो अमलात यायला बारा वर्षे लागली.

त्यानंतरचे त्यांचे आयुष्य एखाद्या प्रवाशाचे होते. निवृत्तिवेतनावर त्यांनी हिंदुस्थानात वास्तव्य केले आणि दूरचे प्रवास केले. जपानमधील कोबे येथे त्यांची कियोको ओयामा या जपानी तरुणीशी ओळख झाली आणि १९३६ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांना बुथैना ही कन्या झाली. १९३९ मध्ये कियोको यांचे निधन झाले आणि काही काळाने लहानगी बुथैना ओमानला, पित्याच्या घराण्यात आली. एके काळी सही करण्यापुरता उरलेला हा राजा गादी सोडल्यावरच आपल्या मर्जीने जगू शकला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

एका प्रश्नाची अनेक उत्तरे

अरब राजावर परिषद बसवावी का, हा प्रश्न मस्कतपुरता राहिला नाही. बहरीनमध्ये १९२३ साली ब्रिटिशांनी वृद्ध शेख ईसा बिन अली यांना बाजूला सारून सत्ता त्यांचे पुत्र हमद यांच्याकडे सोपवली आणि १९२६ मध्ये चार्ल्स बेलग्रेव्ह हे सल्लागार म्हणून आले. १९३८ मध्ये कुवेत आणि दुबई येथे तर परिषदेची मागणी स्थानिक व्यापाऱ्यांनीच पुढे आणली. कुवेतमध्ये निवडणूक होऊन मजलिस बसली. तिने शेख अहमद अल जाबिर यांच्या हातून जकात आणि कारभार काढून घेण्यास प्रारंभ केला आणि काही महिन्यांत ती विसर्जितही झाली. दुबईतील मजलिसही १९३९ मध्ये मोडण्यात आली. मस्कतची परिषद वरून आली होती, कुवेतची खालून. पहिलीला सत्ताधाऱ्यांचे बळ होते, लोकांचे नव्हते. दुसरीला लोकांतील प्रतिष्ठितांचे बळ होते, पण राजाचा विरोध तिला पेलला नाही.

मस्कतमध्ये सईद यांनी या अनुभवातून स्वतःचा निष्कर्ष काढला. पित्याचे स्वातंत्र्य कर्जाने गिळले, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी परिषदेला महत्त्व उरू दिले नाही, सारी सूत्रे स्वतःच्या हाती घेतली, खर्च आखडला आणि कर्ज फेडले. कर्जाची ही धास्ती त्यांच्या स्वभावाचा भाग बनली. पुढे तेल सापडले आणि १९६७ मध्ये त्याची निर्यात सुरू झाली, तरी शाळा, रुग्णालये आणि रस्ते यांवर खर्च करताना त्यांचा हात आखडता राहिला. २३ जुलै १९७० रोजी त्यांचे पुत्र काबूस यांनी ब्रिटिशांच्या पाठिंब्याने त्यांना पदच्युत केले. सईद यांचा १९७२ मध्ये लंडनमध्ये अंत झाला. पिता मुंबईत आणि पुत्र लंडनमध्ये, असे मस्कतचे दोन सुलतान मायदेशाबाहेर निवर्तले. एकाने गादी स्वतःहून सोडली. दुसऱ्याकडून ती काढून घेण्यात आली.

काबूस यांनी १९८१ मध्ये राज्य सल्लागार परिषद आणि १९९१ मध्ये मजलिस अल शूरा स्थापन केली. १९९६ मध्ये राज्याचा मूलभूत कायदा आला. या संस्थांचे अधिकार मर्यादित असले, तरी त्या कर्जाच्या अटीतून जन्मलेल्या नव्हत्या. जानेवारी २०२० मध्ये काबूस यांचे निधन झाले आणि तैमूर यांचे नातू हैथम बिन तारिक गादीवर आले.

इतिहासाने तैमूर यांना दुर्बळ राजा ठरवले आहे आणि त्यात तथ्य नाही असे नाही. कारभारात त्यांना रस नव्हता, राज्यापासून ते दूर राहिले, देणी वाढत गेली. पण त्यांच्या दुर्बळतेचा हिशेब मांडताना दुसरी बाजूही पाहावी लागते. जकातीचे उत्पन्न देणारा शस्त्रव्यापार त्यांच्या वडिलांच्या हातून दुसऱ्यांच्या हितासाठी गेला. त्या धोरणाने पेटलेले बंड त्यांच्या वाट्याला आले. बंडापासून वाचवणाऱ्या फौजेने त्यांची प्रतिष्ठा घालवली आणि कर्जातून सोडवणाऱ्या परिषदेने उरलेले अधिकार नेले. राजा नालायक आहे म्हणून परिषद हवी, असे म्हणणाऱ्यांनाच त्याच राजाची सही हवी होती. म्हणून त्याला राज्य करू दिले गेले नाही आणि जाऊही दिले गेले नाही. मुंबईत १९६५ च्या जानेवारीत शांतपणे संपलेल्या त्या आयुष्याचा खरा अर्थ या पेचात दडलेला आहे.